जे जे रिकामं

१

शिमग्यात पालखी दारात आली की घरातल्या कुणाचं काय बिनसलंय ते चारचौघांत सांगायची आमच्याकडे पद्धत आहे. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. एक जाणता माणूस हात जोडून देवाला मोठ्याने सांगतो, हिला मूल होऊ दे, ह्याच्या जमिनीचा निकाल लागू दे. आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेले सगळे ओरडतात, ‘व्हय महाराजा!’ सगळ्यांनी हो भरला की मागणं पक्कं. ज्याच्याबद्दल मागतात त्याला कुणी विचारत नाही.

यंदा नाचणे गावातल्या आमच्या घरी गाऱ्हाणं घालायला रावजीकाका होते, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. सगळ्या वाडीचे जाणते. स्वतःच्या मुलाची कॉम्प्युटर क्लासमध्ये घातलेली शिल्लक बुडाली त्याबद्दल त्यांनी कधी गाऱ्हाणं घातलेलं मला आठवत नाही. माझ्याबद्दल मात्र खड्या आवाजात घातलं.

“बा देवा महाराजा! हा गंगारामाचा मुलगा दर्शन, इंजिनिअरिंग अर्ध्यात टाकून दीड वर्ष घरात रिकामा बसलाय. त्याला कामाला लाव महाराजा!”

“व्हय महाराजा!”

चाळीसेक माणसं होती. शाळेत माझ्या बाकावर बसणारी ईशा ओठ दाबून हसत होती. पण सगळ्यांत वरचा आवाज होता बाबांचा. मी कॉलेज सोडलं त्या दिवसापासून हा माणूस माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. जेवताना मीठ हवं असलं तरी आईला म्हणायचे, “सांग त्याला, मीठ सरकव.” आणि आता सगळ्या वाडीसमोर घसा मोकळा.

हे बाबा तीस वर्षं बोटीवर ऑइलर होते, इंजिन-रूममध्ये. निवृत्त झाल्यापासून खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पडून असायचे. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी चहा. आई त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. काजूच्या कारखान्यात जायची, परत आल्यावर स्वयंपाक करायची. त्या घरात रिकामा मी एकटा, असं सगळ्यांचं एकमत होतं.

२

पालखी गेली त्याच संध्याकाळी मी पडवीतल्या चादरी ओढून काढल्या.

खाली आठ कॉम्प्युटर होते. रावजीकाकांच्या हर्षददादाने क्लास बंद करून मुंबई गाठली तेव्हा ते आमच्या पडवीत आणून ठेवले होते. विकायचे नाहीत, वापरायचे नाहीत, ‘असू देत, कधीतरी उपयोगाला येतील.’ या पिढीचा सगळा संसार असाच चादरीखाली झाकलेला आहे. प्रत्येक डब्यावर दादाने मुलांसाठी नदीचं नाव चिकटवलेलं होतं: वाशिष्ठी, शास्त्री, जगबुडी, काजळी, बाव, मुचकुंदी, अर्जुना, भारजा. टेबलांसमोर क्लासच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्याही तशाच.

असल्या जुन्या मशीनवर बिटकॉइन निघत नाही, एवढं मला माहीत होतं. पण साध्या प्रोसेसरवर चालणारी लहान नाणी असतात. मशीन दिवसभर आकडे फिरवत, जुळवत बसते, आणि त्या राबण्याचा मोबदला नाण्यात मिळतो. एकट्याच्या हाती कधी काही लागत नाही, म्हणून हजारो लोक आपापल्या मशीन एकत्र जोडतात. त्याला पूल म्हणतात. पूलच्या वेबपानावर तुमच्या प्रत्येक मशीनची एक ओळ दिसते: नाव, वेग, आणि चालू असली तर हिरवा ठिपका, बंद असली तर राखाडी.

चार दिवस लागले. डब्यांतून पाली निघाल्या, मुंग्यांची वारुळं निघाली. दोन मशीनची मेमरी खोडरबराने घासून चालू केली. नाणी जमा व्हायचं वॉलेट उघडलं, त्याची पंचवीस शब्दांची किल्ली वहीत उतरवली. एका मशीनवर चाचणी घेताना वॉलेटच्या पत्त्यातलं एक अक्षर चुकलं आणि सहा तास मी दुसऱ्याच कुणासाठी राबलो. हसा.

तिसऱ्या दिवशी बाबा पडवीच्या दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे बघितलं नाही. डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि भिंतीला म्हणाले, “चौथ्याचा पंखा कोरडा पडलाय. तेलाचा थेंब दे, नायतर जळेल.”

चौथी काजळी होती. थेंब दिला. घरघर थांबली. मला याचा राग आला, का ते सांगता येणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. आई कामावर जाताना म्हणाली होती, “सुरू करताना नारळ फोड रे. निदान गाऱ्हाणं तरी घाल.” मी कपाळावर हात मारला होता. पण बटण दाबताना मला रावजीकाकांचा तो खडा आवाज आठवला आणि आतून असं काही उसळलं की मी आठ डब्यांसमोर हात जोडून, त्यांची हुबेहूब नक्कल करत ओरडलो:

“बा देवा महाराजा! या घरात जे जे रिकामं बसलंय, ते सगळं कामाला लाव महाराजा!”

“व्हय महाराजा.”

आतल्या खोलीतून आलं. सपाट, अजिबात चढ-उतार नसलेलं.

मला हसूच आलं. दीड वर्षाने म्हातारा बोलला, आणि तेही हे. मी आत डोकावलो. बाबा आरामखुर्चीत गाढ झोपले होते. तोंड उघडं, जीभ टाळ्याला टेकलेली. घरात तिसरं कुणी नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी पूलच्या पानावर नऊ ओळी होत्या.

आठ नद्या. त्यांच्याखाली नववी ओळ, नावाची जागा कोरी. ठिपका हिरवा. वेग आमच्या आठही मशीनच्या बेरजेच्या दुप्पट.

मी अर्धवट का होईना, इंजिनिअरिंग शिकलोय. भुताखेतावर माझा विश्वास नाही. पहिला संशय वायफायवर. पासवर्ड बदलला. ओळ तशीच. मग वाटलं, एखादी मशीन दोनदा मोजली जातेय. एकेक करून सगळ्या बंद केल्या. एकेक नदी राखाडी झाली, नववी हिरवी राहिली. म्हणजे माझ्या वॉलेटचा पत्ता घालून कुणीतरी बाहेरून मशीन चालवतोय? पण मग मोबदला मला मिळणार. असा चोर जगात कुठे असतो, जो दुसऱ्याच्या घरात ठेवून जातो?

सगळं पुन्हा चालू करून मीटरपाशी गेलो. आठ मशीन आणि एक फ्रिज, तेवढाच भार.

हर्षददादाला फोन लावला.

“अरे मूर्खा,” तो म्हणाला, “कुणी फुकट देतोय तर घे. माझ्या मशीन वापरतोस त्याचं भाडं कधी देणार ते सांग.”

“तुझ्या मशीनमध्ये पाली होत्या.”

“त्यांचं भाडं वेगळं.”

मी फोन ठेवला. काळजी थोडी कमी झाली. दिवसा, हसत्या माणसाशी बोललं की सगळं सोपं वाटतं.

४

तिसऱ्या दिवशी नववी ओळ दुपारी पावणेपाचला अचानक शून्यावर आली. त्याच वेळी आत आरामखुर्ची करकरली आणि बाबा उठून चहा करायला गेले. साडेपाचला ते पुन्हा आडवे झाले. पाच मिनिटांनी ओळ चढली.

योगायोग. मी तसं वहीत लिहिलंसुद्धा, आणि शेजारी वेळा टिपायला लागलो. सकाळी ते पेपर वाचताना शून्य. जेवताना शून्य. जेवण झाल्यावर, पंख्याखाली मान कलली की ओळ वर. रात्रभर वर. वाडीत दुपारी दोन ते चार चिटपाखरू हलत नाही, सगळी घरं घोरत असतात, बाबा सगळ्यांत गाढ. त्या दोन तासांत ओळ अशी काही चढायची की पूलच्या पानावर लाल खूण यायची: एवढा वेग खरा आहे का, तपासा.

सहाव्या दिवशी मी तपासला. दुपारी तीन वाजता मोबाईलवर पान उघडं ठेवून बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहिलो. ते झोपले होते. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर, आणि बोटं चालू होती. थरथरत नव्हती. दहाही बोटं वेगवेगळी, भराभर, कशाच्या तरी मागे लागल्यासारखी. पापण्यांखाली बुबुळं डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे.

मी स्टीलचं ताट फरशीवर आपटलं.

बाबा दचकून जागे झाले. मोबाईलवर शून्य.

“कोण?” त्यांनी विचारलं. मग मला बघितलं आणि मान फिरवली. तळहात एकमेकांवर चोळत ते खिडकीला म्हणाले, “हात भरून आलेत. काय केलंय मी एवढं?”

तेव्हा मला कळलं. सगळं नाही, पण पुरेसं.

आता जे सांगायचंय ते सांगून टाकतो, कारण ते कुणी माझ्या तोंडून काढून घेणार नाही. मी मशीन बंद केल्या नाहीत. मी परत पडवीत जाऊन बसलो आणि त्या ओळीकडे बघत राहिलो. मला वाटलं, बरं झालं. चाळीस माणसांत मला कामाला लाव म्हणून ओरडत होतास ना? आता तू लाग. पुढचे अकरा दिवस मी तो वेग चढताना बघितला. एके दुपारी तर त्यांच्या खुर्चीत मऊ उशी नेऊन ठेवली, झोप चांगली लागावी म्हणून.

आईने ती उशी बघितली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मुलगा सुधारला.

५

बाबा वाळत चालले. आधी गालफडं बसली, मग मनगटं. भात नुसता चिवडायचे. आणि अंग तापायला लागलं, तेसुद्धा फक्त झोपेत. जागे असले की थंड. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक. “वय झालं,” म्हणाले. तेवढ्यासाठी शिकावं लागत नाही.

एका रविवारी आई घरी होती. दुपारी तिने हाक मारली, “दर्शन, इकडे ये. लवकर.”

तिने ओला पंचा बाबांच्या मानेवर ठेवला होता. त्यातून वाफ निघत होती. बघता बघता पंचा कडक वाळला, इस्त्री केल्यासारखा. आणि एक आवाज होता. मी आधी समजलो पडवीतून येतोय. मग आईने माझं डोकं धरून बाबांच्या छातीशी नेलं. आत घरघर होती. बारीक, सलग, कोरड्या पडलेल्या पंख्याची.

“उठवू का त्यांना?” आई म्हणाली.

“उठव. झोपू देऊ नकोस.”

बाबा जागे झाले. मग दीड वर्षात पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघून बोलले.

“बाबू, डोळा लागला की मी खाली इंजिनात असतो. पण आमची बोट नाय ती. लांबच लांब हाय. पाठीमागे कोणतरी उभा असतो.”

“कोण?”

“वळून बघायला हात थांबवावा लागतो.”

“मग थांबवायचा ना, बाबा.”

“थांबवता आला असता तर तुला सांगितलं असतं काय?” ते ओठांवरून जीभ फिरवत म्हणाले. “तुझं ते पडवीतलं बंद कर. मी आईला सांगत नाय, तुला सांगतोय.”

मी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखे एकेक करून मुके झाले. सगळ्या वायरी उपटल्या, राऊटर काढून न्हाणीत नेऊन बादलीत टाकला. परत आलो तर बाबांची मान पुन्हा कलली होती. मोबाईल उघडला.

आठ राखाडी ठिपके. नववा हिरवा.

६

रावजीकाकांचं घर वाडीच्या खालच्या टोकाला. ते अंगणात अमसुलं वाळत घालत होते. माझं ऐकताना हात थांबवला नाही.

“काय मागितलंस? शब्द न् शब्द सांग.”

मी सांगितलं. ते ऐकताना मात्र त्यांचा हात थांबला.

“जे जे रिकामं? असं मागतात काय मेल्या? नाव घ्यायचं, कशासाठी ते बोलायचं, कुठवर तेही बोलायचं. उघडं टाकलंस तू. आणि हो कोणी भरला?”

“बाबांनी. म्हणजे… ते झोपले होते.”

काकांनी हातातली अमसुलं खाली टाकली. मग उठून खांद्यावर टॉवेल टाकला. “चल. मागितलेलं परत घेता येत नाय. पण बदलून मागता येतं.”

घरी आई बाबांना हलवत होती, गालावर मारत होती. ते उठत नव्हते. खोलीत मे महिन्यातल्या पत्र्याखाली असते तशी धग. काका खुर्चीसमोर उभे राहिले. मी आणि आई त्यांच्या दोन बाजूंना. आमच्या पाठीमागे पडवीचं दार उघडं होतं.

“बा देवा महाराजा,” काकांचा आवाज या वेळी खडा नव्हता. “या घरात लेकराने अडाणीपणाने शब्द टाकला. गंगारामाने तीस वर्षं काम केलं, त्याचं काम झालं. गंगारामाला मोकळा कर…”

मी ‘व्हय’ म्हणायला तोंड उघडलं. काकांनी हाताने थांबवलं आणि माझ्याकडे न बघता वाक्य पुरं केलं.

“…आणि ज्याने मागितलं त्याच्याकडून काम घे महाराजा!”

मला समजायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात आई म्हणाली, “व्हय महाराजा.”

लहानपणापासून ती हे शब्द म्हणत आलीय. गाऱ्हाणं थांबलं की ते तोंडातून निघतातच. सवयीने. मी तसंच समजतो. तिला विचारलेलं नाही.

तिच्या पाठोपाठ पडवीतून हो आला. या वेळी एक आवाज नव्हता. वर्गात पाढे म्हटल्यासारखा, सगळ्यांचा एकदम, सपाट: “व्हय महाराजा.”

मी वळलो. वळायला नको होतं. आठही स्क्रीन बंद होत्या, काळ्या. समोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रिकाम्या. पण स्क्रीनच्या काचांत त्या रिकाम्या नव्हत्या. खाली घातलेल्या माना दिसल्या, आणि खांदे, भराभर हलणारे. कुणीही वर बघत नव्हतं. शेवटच्या खुर्चीच्या पलीकडे, जिथे टेबलच नाही तिथे, एक जागा सोडलेली होती. आणि त्या सगळ्यांच्या पाठीमागे…

“दर्शन,” बाबांनी हाक मारली. स्वच्छ आवाजात. “पाणी दे रे.”

मी त्यांच्याकडे बघितलं. पुन्हा पडवीकडे बघितलं नाही.

७

बाबा आता छान आहेत. दोन भाकऱ्या खातात. अंगावर मांस चढलंय. दुपारी गाढ झोपतात, बोटं पोटावर स्वस्थ. मशीन रावजीकाकांनी टेम्पोतून भंगारात पाठवल्या. पडवीत आईने सांडगे वाळत घातलेत.

पूलचं खातं मी बंद केलं. पान तरीही उघडतं. आठ नद्या राखाडी. नववी ओळ हिरवी, वेग शून्य, नावाची जागा अजून कोरी. मी काम करत असेन तोवर शून्यच राहते. बसस्टॉपवर नुसता उभा राहिलो की थोडी हलते. एकदा भाट्याच्या पुळणीवर समुद्राकडे बघत दहा मिनिटं बसलो. बोटं आपोआप वाळूत चालायला लागली आणि मानेला पाठीमागून ऊब लागली, कुणीतरी अगदी जवळ येऊन उभं राहिल्यासारखी. मी उठून पळालो, आणि पळतसुद्धा शिंपले गोळा करत होतो.

झोप किती टाळता येते? मी हिशेब मांडत नाही. झोपतो तेव्हा एवढंच कळतं की जी जागा सोडलेली होती ती आता सोडलेली नाही. सकाळी उठल्यावर तळहात भरून आलेले असतात.

सकाळी जेटीवर माशाच्या टोपल्या उचलतो, दुपारी झेरॉक्सच्या दुकानात बसतो, संध्याकाळी लोकांच्या टाक्या धुतो. मधल्या वेळात हे लिहितोय. चांगलं लिहिता येतं म्हणून नव्हे. हात थांबता कामा नये म्हणून. वाडी खूश आहे. परवा ईशाची आई म्हणाली, “बघा, देवाने ऐकलं. पोर कामाला लागलं.” रावजीकाका पुढच्या शिमग्यात हे सगळ्यांना सांगणार आहेत.

आणि बाबा माझ्याशी बोलतात. सारखे बोलतात. दीड वर्षाचं साठलेलं एकदम. आता, हे लिहीत असतानाच, दुपारचे अडीच वाजलेत. त्यांनी आपली आरामखुर्ची पडवीत सावलीला ओढून आणलीय. मी ठेवलेली उशी झटकून पाठीशी लावलीय.

“किती मरमर करतोस, बाबू,” ते म्हणतायत. “ये. काही करू नकोस. जरा वेळ नुसता बस.”

मी मान वर न करता लिहितोय. ते खुर्चीवर हात थोपटतायत.

“सांगतोय ना. बस.”